नानांना अर्धाच दिवस

मेहुणा मस्कतला असणं ही मध्यमवर्गीय माणसाच्या संसारातली मोठी जोखीम आहे. तो रिकाम्या हातानं येत नाही. एका वर्षी अत्तर आणतो, त्याचा वास दिवाळीपर्यंत पडद्यांतून जात नाही. दुसऱ्या वर्षी इस्त्री आणतो, तिची पिन आपल्या भिंतीत बसत नाही. शहाण्णव सालच्या मे महिन्यात कानिफनाथ म्हस्के सरांच्या मेहुण्यानं डिजिटल डायरी आणली आणि नगरच्या सावेडी उपनगरातल्या एका निरुपद्रवी गणिताच्या मास्तराची झोप उडाली.

वस्तू चष्म्याच्या घराएवढी, काळी, मधोमध उघडणारी. आत हरभऱ्याच्या डाळीएवढी बटणं. तारीख घाला, वेळ घाला, काम काय ते इंग्रजी अक्षरांत लिहा. ती वेळ आली की यंत्र टिटिट करून ते काम डोळ्यांपुढे धरतं. "दाजी, तिकडं मोठेमोठे साहेब हिच्यावर चालतात," मेहुणा म्हणाला. चालत असतील. तिकडं अकरा म्हणजे अकराच वाजत असतील. म्हस्के सर ज्या शाळेत शिकवत तिथं अकरा वाजणं ही चारचौघांच्या सोयीनं ठरवायची गोष्ट होती.

बोरवाडीचं जनसेवा विद्यालय राहुरीच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. फाटकावर 'वेळ : अकरा ते पाच' असं रंगवलेलं होतं आणि तो रंगही आता उडत चालला होता. टोल पडायचा तो नगरची एसटी आल्यावर, कारण मुख्याध्यापकांसकट निम्मे शिक्षक त्याच गाडीतून उतरत. गाडी उशिरा आली की पहिला तास कवायतीचा. बुधवारी गावचा बाजार, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर शाळा आपोआप विरघळे. मतदारयाद्या आल्या की मास्तर घरोघर, पोलिओचा डोस आला की मास्तर बूथवर. सोसायटीची वार्षिक सभा असली की सभासद आठवीच्या बाकांवर आणि आठवी लिंबाखाली. दाट तिथीच्या दिवशी पटांगणात मांडव पडे. एकदा म्हस्के सर पायथागोरसचं प्रमेय शिकवत होते, बाहेर मंगलाष्टकं चालू होती, आणि सर 'म्हणून हे सिद्ध झालं' म्हणायला आणि खिडकीतून वर्गावर अक्षता पडायला एकच गाठ पडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. भूमितीला मिळालेल्या त्या शाळेच्या इतिहासातल्या पहिल्या टाळ्या.

असल्या शाळेचं वेळापत्रक यंत्रात भरण्याची बुद्धी कुणाला व्हावी? ज्याला पर्यवेक्षक व्हायचंय त्याला.

जुने पर्यवेक्षक मार्चअखेर निवृत्त होणार होते. त्या खुर्चीवर दोघांचा डोळा होता. म्हस्के सरांचा ज्येष्ठतेच्या जोरावर, आणि मराठीच्या प्रशांत पठारे सरांचा कसल्याही जोराशिवाय. पठारे वयानं नऊ वर्षांनी लहान. त्यांची लायकी एवढीच, की संस्थेचे अध्यक्ष गहिनीनाथ नाना खिलारी यांच्या वाढदिवसाला ते दरवर्षी कविता करत आणि ती चालीवर म्हणत. पठारे पर्यवेक्षक झाले तर दर सोमवारी त्यांच्यापुढे टाचणवही धरून उभं राहायचं, आणि त्यांनी लाल पेनानं 'पाहिले' असं लिहायचं, हे चित्र म्हस्के सरांना जेवताना दिसे आणि ते अर्ध्या ताटावरून उठत. शिवाय वृषालीवहिनींनी भिशीच्या बायकांना 'आमचे हे आता पर्यवेक्षक' असं सांगूनही टाकलं होतं. सावेडीत एकदा सांगितलेली गोष्ट मागं घेता येत नाही. त्यापेक्षा घर बदलणं सोपं.

वेळापत्रक हे पर्यवेक्षकाचं मुख्य काम. तेव्हा सबंध वर्षाची शाळा यंत्रात भरायची आणि पर्यवेक्षक ठरवणाऱ्या फेब्रुवारीच्या सभेत संचालकांपुढे ठेवायची, असा बेत सरांनी केला. जूनचा अख्खा महिना ते खाली मान घालून डाळीएवढी बटणं दाबत होते.

पहिल्याच दिवशी अकराला यंत्र ओरडलं तेव्हा शाळेत दोनच माणसं होती. स्कूटरवरून आलेले म्हस्के सर आणि शिपाई भिमाजी. "टोल द्या," सर म्हणाले. "यष्टी कुटं आलीय?" भिमाजी म्हणाला आणि पुन्हा तंबाखू मळू लागला. दुसऱ्या आठवड्यात यंत्रानं 'नववी ब, भूमिती' असं ठणकावलं तेव्हा सर राहुरीच्या तहसील कचेरीत मतदारयादीतली मेलेली माणसं खोडत होते. तिसऱ्या आठवड्यात ते शिक्षक सभेत ओरडलं. "सर, तुमच्या पिल्लाला भूक लागली वाटतं," पठारे म्हणाले, आणि जे कधी कुठल्या विनोदाला हसले नव्हते ते मुख्याध्यापकसुद्धा हसले. म्हस्के सरांनी ते हसणं मनात लिहून ठेवलं. त्यासाठी त्यांना यंत्र लागत नसे.

सावेडीतल्या शेजाऱ्यांना विषय मिळाला. सावेडीत प्लॉट घेताना पाणी, वीज आणि सल्ला या तीन सोयी धरलेल्याच असतात. पैकी पाणी आणि वीज अधूनमधून जाते. समोरच्या एकानं बॅटरी उलटी घालून पाहा म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यावरच्यानं यंत्र दक्षिणेकडे तोंड करून ठेवू नका म्हटलं. आणि बँकेतले भीमराज गायकवाड साहेब, जे खरोखर हुशार होते आणि म्हणूनच ज्यांचा सल्ला सर्वांत घातक ठरला, ते म्हणाले, "सर, तुम्ही नेमाचं तेवढं भरता, बिननेमाचं सोडून देता. आमच्याकडे कुठलं कर्ज बुडणार हे माहीत नसतं. पण बुडणार हे माहीत असतं. आम्ही आधीच तरतूद करून ठेवतो."

तरतूद! म्हस्के सरांना हा शब्द फार आवडला. त्यांनी गेल्या काही वर्षांत शाळा कशाकशानं बुडाली ते काढलं. बाजार, लग्नं, निवडणुका यांचा हिशेब लागला. लागला नाही तो एकाच गोष्टीचा. गावातलं वजनदार माणूस गेलं की शाळेत शोकसभा होऊन सुट्टी व्हायची, आणि ही सुट्टी माणसाच्या वजनावर असायची. साधा सभासद गेला तर दोन मिनिटं स्तब्धता आणि शेवटचे दोन तास माफ. पंचायतीचा माणूस असेल तर अर्धा दिवस. संचालक किंवा सरपंच असेल तर पूर्ण दिवस. दरवर्षी अशी दोन-तीन माणसं तरी जात, आणि जाताना मास्तरांना विचारून जात नसत.

आता तरतूद करायची म्हणजे काय? 'हिवाळ्यात कधीतरी, बहुधा म्हातारं कुणीतरी' एवढं बोरवाडीला पुरतं. यंत्राला पुरत नाही. त्याला तारीख लागते, वेळ लागते आणि नाव लागतं. सरांनी मग संस्थेत वयानं मोठं कोण याचा विचार केला. नाना खिलारी ब्याऐंशीचे, थंडीत खोकायचे. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. गणिताच्या माणसाच्या मनात काहीच नसतं, फक्त उत्तर असतं. त्यांनी नानांना जानेवारीतला एक गुरुवार दिला. बुधवार देऊन उपयोग नव्हता, बुधवारी बाजारामुळं तशीही अर्धी शाळा बुडते, नानांचं जाणं फुकट गेलं असतं. त्या गुरुवारी दुपारी दहावीच्या पूर्वपरीक्षेचा भूमितीचा पेपर होता, म्हणून साडेअकराला शोकसभा आणि दीडला पेपर. 'नाना शोकसभा, अर्धा दिवस.' सरांनी बटण दाबलं आणि शांत झोपले.

दिवाळीनंतर एक दिवस पठारेंनी गोड आवाजात विचारलं, "सर, संक्रांत कोणत्या वारी येते हो यंदा?" कौतुकाला भुकेलेल्या माणसाला सापळा ओळखता येत नाही. सरांनी यंत्र उघडून हातात दिलं. पठारेंनी संक्रांत पाहिली आणि तसेच पुढं पुढं बटण दाबत गेले. मग यंत्र मिटून त्यांनी फार आदरानं परत केलं. त्या आदरानं सरांना सावध करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. मास्तरानं नानांची तारीख घातली असं कुणीच म्हणालं नाही. नगरच्या मास्तराच्या मशिनीत नानांची तारीख *आली*, असं म्हणाले. मशीन मस्कतची, तेव्हा खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. हीच माणसं पंचांगवाल्याशी वाद घालतात, डॉक्टरवर विश्वास ठेवत नाहीत, हवामानखात्याला तर शिव्याच देतात. पण इंग्रजी अक्षरांत लिहून आलेलं मरण त्यांनी विनातक्रार मान्य केलं.

मधल्या सुट्टीत भिमाजी हात जोडून आला. "सर, जरा माज्या सासूचं बगा की. लई दिस झालं, आमच्यातच हाय."

"अहो, तसं नसतं ते," सर म्हणाले.

"मग कसं आसतं?"

याचं उत्तर गणितात नव्हतं. पाठोपाठ शाळेसमोर पेरू विकणारी आक्काबाई आली. "मास्तर, माजं कवाबी घाला, पर फाल्गुनात नगं बया. कांदा काढायचा आसतो." सर तिला तरतूद म्हणजे काय ते समजावत राहिले आणि तिनं निघताना चार पेरू ठेवले. ते त्यांनी खाल्ले. तिथंच त्यांची बाजू लंगडी पडली.

चौथ्या दिवशी नानांच्या मळ्यातून बोलावणं आलं. म्हस्के सरांनी घरी वृषालीवहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, पण ते अजून आहेत ना?"

"आहेत. म्हणूनच बोलावलंय."

"मग माफी मागा सरळ. भिशीत मी तोंड कुठं लपवू?"

सर मळ्यात पोचले तेव्हा ओट्यावर राहात्याहून आलेल्या नानांच्या दोन मुली पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. नानांच्या पत्नी साळूबाई चहा घेऊन आल्या. "घ्या. तुमीच का ते तारीकवाले?" असं त्यांनी विचारलं, त्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती. नाना खाटेवर मांडी घालून बसले होते. मरणाच्या तयारीतल्या माणसाच्या मानानं ते फारच टुणटुणीत दिसत होते.

"मास्तर, गुरुवारच का धरला?"

खोटं बोलायला वेळ लागतो, म्हणून सर खरंच बोलले. "बुधवारी बाजार असतो, नाना."

"बराबर," नाना म्हणाले. "बाजाराच्या दिशी खांद्याला मानूस गावत न्हाई. त्ये चांगलं केलं. पर मी आयकतो त्ये खरं हाय का? मला म्हनं अर्दाच दिवस?"

"दुपारी दहावीचा भूमितीचा पेपर..."

"गोरक्षनाथ सरपंच गेला तवा किती दिल्ता?"

"पूर्ण."

"त्यानं शाळंला काय दिलं? येक घंटा. ती बी चिरकी. म्या जिमीन दिली, मास्तर. आन् मला अर्दा दिवस?" नानांचा आवाज खरोखर कापला. मुलींनी पुन्हा पदर तोंडाला लावला. साळूबाईंनी सरांच्या हातातली कपबशी, अर्धा चहा शिल्लक असताना, काढून घेतली.

तर असं होतं. मरायला नानांची हरकत नव्हती. हरकत होती ती वजनाला. म्हस्के सरांनी तिथल्या तिथं यंत्र काढून पूर्ण दिवस करून दिला आणि घाम पुसत स्कूटर गाठली. संकट टळलं असं त्यांना वाटलं. संकटं अशी टळत नाहीत, ती संचालक मंडळापुढे जातात.

आठवड्याच्या आत उपाध्यक्ष आले. नानांना पूर्ण दिवस आहे, मग माझं काय ते लिहा. खजिनदारांना नातवाच्या लग्नानंतरची तारीख हवी होती. एका संचालकाला दुसऱ्याच्या महिन्यात मरायचं नव्हतं, कारण दोघांचा बांधावरून दावा चालू होता. तिसऱ्याला दोन दिवस हवे होते आणि त्यासाठी तो पर्यवेक्षकपदाला मत द्यायला तयार होता. म्हस्के सरांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. मताला नाही कोण म्हणतं? ते प्रत्येकाला तिथी, वार, बाजार आणि ऊसतोड पाहून सोयीचं मरण देत गेले. डिसेंबरात यंत्रानं जागा संपल्याचं कळवलं. तेव्हा सरांनी नववी ब-ची भूमिती पुसली. मग आठवीचं बीजगणित पुसलं. मग चाचण्या, मग जादा तास. जानेवारी उजाडला तेव्हा यंत्रात शाळा अशी उरली नव्हती. नऊ संचालक होते, सगळे मेलेले, आणि संक्रांतीची सुट्टी. सरांना मात्र आपण पर्यवेक्षक होणार याबद्दल आता शंका राहिली नव्हती, कारण इतका सोयीस्कर माणूस त्या शाळेत दुसरा नव्हता.

गुरुवार जवळ आला आणि नाना खोकतसुद्धा नव्हते. सर मनातून सुखावले; निदान आता ही भानगड आपोआप मिटेल. पण बुधवारी नानांचा निरोप आला. 'दिवस दिलाच हाय तर हू द्या. मागनं कोन काय बोलतं त्ये मला काय कळनार? हाये तवर बोला.'

मुख्याध्यापक हादरले, पण वेगळ्या कारणानं. "सुट्टीचं कारण काय लिहू? मयत नसताना शोकाची सुट्टी नियमात बसत नाही." लेखनिकानं सुचवलं, मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एक सुट्टी शिल्लक आहे, ती लावू. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला. जिवंत माणसाची शोकसभा घेतोय याबद्दल त्यांना काही वाटलं नाही. दहावीचा भूमितीचा पेपर बेमुदत पुढं गेला याबद्दल कुणालाच काही वाटलं नाही. दहावीला तर आनंदच झाला.

साडेअकराला यंत्र वाजलं आणि त्याच मिनिटाला सभा सुरू झाली. शाळेत ठरलेल्या वेळी झालेली ती पहिली गोष्ट. सगळ्या शिक्षकांच्या खिशाला टाचणीनं काळी फीत लावलेली. मंचावर मधल्या खुर्चीत, फेटा बांधून, गळ्यात हार घालून स्वतः नाना. दोन मिनिटं स्तब्धतेला तेही उभे राहिले.

मग पठारे बोलले. 'नाना, तुम्ही गेलात आणि बोरवाडीचा सूर्य दुपारीच मावळला' इथं त्यांनी सुरुवात केली आणि 'आता आम्ही कुणाकडे पाहायचं' इथं ते नानांकडे पाहून हमसून रडले. खोटं रडणं इतकं चांगलं जमणं ही काही लहान गोष्ट नाही. नानांच्या मुली रडल्या, पाचवीची पोरं घाबरून रडली, शेवटी नानांनीही उपरण्याला डोळे पुसले.

म्हस्के सर उठले तेव्हा आता काय राहिलं होतं? त्यांनीही आवाज खाली आणला. "नानांनी शाळेला जमीन दिली," ते म्हणाले. पुढं सुचेना. माणूस गोंधळला की हातच्या गोष्टीकडे वळतो. त्यांनी जमिनीची लांबी सांगितली, रुंदी सांगितली आणि क्षेत्रफळ काढून दाखवलं. रडू आणण्यासाठी डोळे घट्ट मिटले, तर पुढच्या रांगेतला कुणी म्हणाला, "सरला झोप आली." पोरं हसली. सर बसले. आपण काय गमावतोय हे त्यांना बसता बसताच कळलं.

आभाराला नाना स्वतः उठले. फेब्रुवारीच्या सभेची वाट बघायची त्यांची तयारी नव्हती. मेलेल्या माणसाला कसला कार्यक्रमपत्रिकेचा धाक. "पठारे मास्तर बोलला तवा मला माजंच वाईट वाटलं," ते म्हणाले. "म्हस्के मास्तर हिशेबी मानूस. त्येंनी मागनं पुरा दिवस केला, त्यो मी बोल्लो म्हून. आदी काय मनात आलं हुतं? अर्दा. मानसाच्या मनात पयलं येतं त्येच खरं. पर्यवेक्षक पठारे." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे सांगायलाही तिथं कुणी नव्हतं. "आन् म्हस्के मास्तरांनी आपली मशीन संबाळावी. पुढल्या साली हाच गुरुवार ठिवा."

नऊही संचालकांनी मान हलवली. ज्यानं मताच्या बदल्यात दोन दिवस घेतले होते, त्यानं सर्वांत जोरात.

म्हस्के सर स्कूटर घेऊन निघाले ते हमरस्त्याच्या फाट्यावर येऊन थांबले. घरी जायला तोंड नव्हतं. अपमान तर झालाच होता, पण त्याहून वाईट हे, की तो स्वतःच्या हातानं, सात महिने, एकेक बटण दाबून केलेला होता. त्यांना पठारेंचा राग आला, नानांचा आला, गायकवाड साहेबांच्या बँकेचा आला, मस्कतचा आला. मग सगळा राग त्या काळ्या डबीवर जमा झाला. मागच्या बाजूला एक बारीक भोक होतं. त्यात टोकदार काही घातलं की आतलं सगळं पुसलं जातं, असं मेहुण्यानं बजावून ठेवलं होतं. सरांनी खिशावरची काळी फीत उपटली, तिची टाचणी काढली आणि भोकात खुपसली. सगळं पुसू का, असं यंत्रानं विचारलं. सरांनी हो म्हणून बटण दाबलं. अक्षरं गेली. पडदा पाटीसारखा कोरा झाला.

त्यांना फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण त्या मंडळाला काहीतरी सुनावलं, असं वाटलं. एक ट्रक धूळ उडवत गेला, तरी ते हसत उभे होते.

आणि मग ते हसायचे थांबले. नानांचं, उपाध्यक्षांचं, खजिनदारांचं, बांधावरून भांडणाऱ्या त्या दोघांचं, नऊच्या नऊ जणांचं मरण त्यांनी आत्ताच आपल्या हातानं रद्द केलं होतं. बोरवाडीच्या माणसांसारखा असल्या यंत्रावर आपला विश्वास नाही, असं त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. पण आता यांच्यातलं कुणी कधी मरेल अशी आशा त्यांना वाटेना. सरांच्या निवृत्तीला अजून चौदा वर्षं होती.